माणसाच्या नावाखाली बेडकाचं रक्त

चंद्रपूरच्या एका ठोक विक्रेत्याने मला फसवलं. मी सदतीस शाळांना फसवलं. आणि त्या सदतीसपैकी एका शाळेत माझी स्वतःची मुलगी आठवीत शिकत होती. क्रम असाच आहे, तो कोणी उलटापालटा करू नये. मला माहीत नव्हतं, त्याला माहीत होतं. एवढा फरक मी कोणाच्याही सांगण्यावरून सोडणार नाही.

माझं वडसा या गावी दुकान आहे. शाळांना लागणारं विज्ञानाचं सामान मी पुरवतो. परीक्षानळ्या, भिंगं, सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या आणि भिंतीवर टांगायचे तक्ते. हे दुकान मला वडिलांनी दिलेलं नाही. दहावीत विज्ञानात नापास झालो त्या वर्षी सायकलच्या कॅरिअरला नकाशांची गुंडाळी बांधून शाळोशाळी फिरायला लागलो, तो अजून थांबलेलो नाही. नापास एकाच प्रश्नामुळे झालो असेन असं नाही, पण मला आठवतो तो एकच. प्राणीपेशीची आकृती काढायची होती. मी ती झकास काढली, फक्त तिला वनस्पतीपेशीची जाड भिंत घातली आणि आत हिरवे हरितलवक भरून टाकले. सराव परीक्षेतही तेच केलं होतं, तेव्हा गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तुझा बैल उन्हात उभा राहून सोताच चारा तयार करते का रे?" वर्ग हसला. ते हसणं मला आजही ऐकू येतं.

पुढे त्याच आकृतीचे तक्ते विकून मी घर बांधलं. पण खरं सांगायचं तर विकतानाही आत काय आहे ते मला कळत नव्हतं. मी खुणांवर चालवत होतो. मधला जांभळा गोळा म्हणजे केंद्रक. चपलेच्या तळव्यासारख्या नारिंगी त्या तंतुकणिका. एकावर एक पोळ्या ठेवल्यासारखं दिसतं ते गॉल्गी संकुल. मोठी निळी पिशवी दिसली की वनस्पती. एखाद्या मुख्याध्यापकाने विचारलं, "यात लयकारिका दाखवल्या आहेत का?" की मी आत्मविश्वासाने कुठल्या तरी ठिपक्यावर बोट ठेवायचो आणि लगेच लॅमिनेशनकडे वळायचो.

कारण माल पारखायची माझी रीत वेगळी होती. तक्त्याची कड अंगठ्याने घासायची. ओला रुमाल फिरवून रंग सुटतो का बघायचं. घट्ट गुंडाळून सोडायचा आणि आपोआप सरळ होतो का ते पाहायचं. वरची पट्टी धरून दोरी झटक्याने ओढायची. चित्र पाहायचं नाही. चित्र पाहणं हे मास्तरांचं काम, अशी माझी पक्की समजूत.

त्या उन्हाळ्यात मी चंद्रपूरला 'मानवी पेशींचे प्रकार' या तक्त्याचा सौदा केला. सहा चौकटी होत्या. लांब शेपटीची चेतापेशी, पट्ट्यापट्ट्यांची स्नायूपेशी, गालाच्या आतली चपटी पेशी, हाडाची, पांढरी रक्तपेशी आणि तांबडी रक्तपेशी. शेठ वयाने माझ्याहून मोठा, तोंडात कायम सुपारी. त्याच्याशी भाव करायचा म्हणजे मधूनच उठून जायचं असतं. पहिल्यांदा खुर्चीवरून, दुसऱ्यांदा दारापर्यंत, तिसऱ्यांदा हेल्मेट डोक्यात घालून गाडीपर्यंत. मी तिन्ही वेळा उठलो. तिसऱ्यांदा त्याने हाक मारली.

"ये भाऊ, ये. दोन माल आहेत माह्याकडे. एक बाहेरचा हाय, एक इथचाच छापलेला. इथचा घेशीन तं तुझ्या भावात देतो."

"दोघांत फरक काय?"

"तू पाय ना. तुले कोणी अडवलं?"

मी अंगठ्याने घासला, ओला रुमाल फिरवला, दोरी ओढली. फरक नव्हता. इथला घेतला आणि मूल गावावरून परत येताना गाडीवर गाणी म्हटली. घरी येऊन प्रत्येक तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात दुकानाचा निळा शिक्का मारला. शिक्क्याची मला भारी हौस. ज्या पोराला वर्गाने हसून घालवलं, त्याचं नाव आता वर्गाच्या भिंतीवर, असं मनात असायचं.

आता मुलीचं सांगतो. तिला सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मजात आजार. आमच्या भागात त्याचा अर्थ फार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मी अर्धा वाहक, तिची आई अर्धी वाहक, आणि दोघांनी लग्नाआधी तपासलं नाही. थंडी वाजली, पाणी कमी प्यायलं, जास्त धावली, की तिची हाडं दुखायला लागतात. मग चार दिवस, आठ दिवस खाट. मला एका जागी बसणं जमत नाही. तिच्या खाटेशी मी येरझाऱ्या घालायचो आणि ती म्हणायची, "बाबा, तुमी बसून राहा नाई तं बाहेर तरी जा. तुमच्यानं खाट हालते."

मग बसता यावं म्हणून मी तिचं विज्ञानाचं पुस्तक मोठ्याने वाचायला लागलो. जो धडा मला उमगला नव्हता तो मी चाळिशी ओलांडल्यावर मुलीच्या उशाशी वाचला. तंतुकणिका अन्नापासून ऊर्जा काढतात, म्हणून स्नायूत त्या खच्चून भरलेल्या असतात. गॉल्गी संकुल तयार माल पिशव्यांत भरून ज्याचा त्याला पाठवतं. लयकारिका मोडतोड झालेलं पचवून टाकतात. मी म्हटलं, हे तर माझं गोदाम झालं. ती म्हणाली, "आणि केंद्रक?" मी म्हटलं, "मालक." ती हसली, "मग माह्या रक्तात मालकच नाई."

हे तिला सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलं होतं. त्या सिस्टर दर महिन्याला गोळ्या द्यायच्या आणि पोरीने विचारलेल्या एकाही प्रश्नाला 'मोठी झाली की कळेल' म्हणायच्या नाहीत. त्यांनी आम्हा दोघांना बाकावर बसवून समजावलं होतं. माणसाची तांबडी रक्तपेशी हाडाच्या मगजात तयार होते तेव्हा तिच्यात केंद्रक असतं. हिमोग्लोबिन कसं बनवायचं याची सूचना तिथूनच येते. ते भरून झालं की पेशी केंद्रक बाहेर टाकून देते, तंतुकणिकाही काढून टाकते, आणि मोकळी झालेली सगळी जागा प्राणवायू वाहायला ठेवते. तंतुकणिकाच नसल्या की वाहून न्यायचा प्राणवायू ती स्वतः खर्चूही शकत नाही. मला त्या पेशीचं कौतुकच वाटलं. तांदळाच्या पोत्यातला एकही दाणा स्वतः न खाणारा गाडीवाला मी वडशाच्या बाजारात तरी पाहिलेला नाही.

"पण मग वाकडी कायले होते?" मुलीने विचारलं होतं.

"सूचनेतच एक अक्षर चुकलेलं असतं, बाई," सिस्टर म्हणाल्या. "त्याच्यानं हिमोग्लोबिन वेगळं बनते. प्राणवायू सोडला की ते एकमेकाले चिकटते, त्याच्या काड्या होतात, आणि पेशी विळ्यासारखी वाकते."

"आणि ज्यानं चुकीची सूचना देल्ली तो केंद्रक?"

"तो तं केव्हाचा निघून गेला."

त्यावर ती बाकावर बसून गोळ्यांची पुडी उघडझाक करत राहिली. अर्धी सूचना माझी होती.

शाळेत तालुक्याच्या प्रश्नमंजूषेसाठी दोन मुलींचा संघ निवडायचा होता. कबड्डीत ती नव्हती, सहलीत नव्हती, गॅदरिंगच्या नाचात नव्हती, कारण तिला धावायची, उन्हात उभं राहायची मनाई. पण या खेळात बसून खेळायचं होतं. महिनाभर तिने दुसरं काही बोलणं ठेवलं नाही. जेवताना मला विचारायची, पाणी कुठल्या पेशीतून कसं चढतं, प्याजाच्या सालीत हरितलवक का दिसत नाहीत. उत्तर आलं नाही की खूष व्हायची.

निवडीच्या दिवशी ती घरी आली, दप्तर न काढता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "बाबा, आमच्या वर्गातला पेशींचा तक्ता तुमी देल्ला ना?"

मी छाती फुगवून हो म्हटलं.

"त्यानंच माहा नंबर गेला."

झालं होतं असं. एक जागा पक्की झाली होती. दुसऱ्या जागेसाठी ती आणि आणखी एक मुलगी बरोबरीत होत्या. सरांनी शेवटचा प्रश्न टाकला: माणसाच्या प्रत्येक पेशीत केंद्रक असतं का? दुसरी म्हणाली, असतं. माझी म्हणाली, नाही, पूर्ण वाढलेल्या तांबड्या रक्तपेशीत नसतं. सरांनी छडी उचलून भिंतीवरच्या तक्त्यावर ठेवली. तांबड्या रक्तपेशीच्या चौकटीत लांबट लाल पेशी, मधोमध जांभळा गोळा, आणि त्याला रेघ काढून लिहिलेलं: केंद्रक.

"हे काय हाय मंग? रसगुल्ला?"

वर्ग हसला.

"मी खाली पाह्यलं," ती म्हणाली, "तं तुमचा शिक्का होता."

मी जेवण टाकून तसाच शाळेत गेलो. सर मूळचे गणिताचे. विज्ञानाची जागा रिकामी म्हणून दोन्ही विषय त्यांच्या गळ्यात. मी दारातूनच ओरडायला सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं, टेबलावरचा पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "भाऊ, मी चुकलो अशीन. पण मले काय माहीत? तक्ता तं तुमचाच हाय ना?"

"नाव बदला."

"नावं ऑनलाइन भरून झाली. आता बदलता येत नाई."

"मग वर्गात सांगा का तिचं उत्तर बरोबर होतं."

"पाहतो," ते म्हणाले.

'पाहतो' हा शब्द मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवत आलो आहे. त्याचा अर्थ मला माहीत आहे.

मी भिंतीवरचा तक्ता काढायला गेलो तर तेही जमेना. तक्ता डेडस्टॉक रजिस्टरला चढलेला. शाळेची मालमत्ता. शेवटी मोबाईलवर फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रपूरचा रस्ता धरला. नागभीड, सिंदेवाही, मूल. जंगलात 'वाघाचा वावर आहे, थांबू नये' असे फलक लागतात. थांबायचा प्रश्नच नव्हता. त्या दिवशी वाघ आडवा आला असता तर त्यालाही मी तक्ता दाखवला असता.

शेठने फोटो मोठा करून बघितला. सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"हे बेडकाचं हाय," तो शांतपणे म्हणाला.

"काय?"

"बेडकाच्या रक्ताचं चित्र हाय. त्याची तांबडी पेशी अशीच राहते, लांबट, मधात केंद्रक. आमच्या चित्रकारानं जुन्या तक्त्यावरून उतरवलं. वर नाव 'मानवी' टाकलं. छापून झाल्यावर एका मास्तरनं सांगतलं मले."

"म्हणजे तुले माहीत होतं?"

"म्हणून तं सस्त्यात देल्ला. तू विचारलं, फरक काय. मी म्हटलं, पाय. तू काय पाह्यलं? दोरी ओढून पाह्यली."

मी टेबलावर हात आपटला. त्याची सुपारीची डबी उडाली. दुकानातली माणसं धावली. तो मात्र जागचा हलला नाही. डबी उचलत म्हणाला, "चिडून काय होते भाऊ? तू ज्या भावात मांगतला, त्या भावात बेडूकच भेटते. माणूस नाई भेटत."

मी म्हटलं, पैसे नकोत, दुरुस्तीचा कागद छापून दे, तुझ्या नावानिशी. तो म्हणाला, छापखान्यालाच विचार. छापखान्याने चित्रकाराचं नाव सांगितलं, आणि चित्रकार केव्हाचा काम सोडून दुसऱ्या शहरात निघून गेला होता. मला सिस्टरचं बोलणं आठवलं आणि आणखीच राग आला. चुकीची सूचना देणारा दरवेळी निघून गेलेला असतो, आणि वाकते ती पेशी.

वडशाला परत आलो आणि फ्लेक्सवाल्याकडून लाल गोल चकत्या छापून घेतल्या. मधे थोड्या फिकट, केंद्रक नसलेल्या. बरोबर आहेत का ते सिस्टरकडून दोनदा तपासून घेतलं. या वेळी चित्र पाहिलं. मग डिंक, कात्री आणि चकत्यांची पिशवी घेऊन सदतीस शाळांच्या वाटेला लागलो. सोमवारी एक दिशा, मंगळवारी दुसरी. दुकान बंद, गिऱ्हाईक फोन करून दमले.

मुलचेऱ्याकडच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी चहा पाजला, विळीवर कापलेला पेरू खिलवला आणि म्हणाले, "चकती छान आहे, पण चिकटवू देता येत नाही. मालमत्तेत खाडाखोड होते. वरून लेखी आदेश आणा." मी म्हटलं, चुकीचं शिकवायला आदेश लागला होता का? ते म्हणाले, नाही, ते तर आपोआप चालू होतं. आणि हसले. मला हसू आलं नाही.

ऊर्जानगरच्या शाळेत वेगळंच निघालं. तिथल्या विज्ञानाच्या मॅडमनी मला भिंतीजवळ नेलं. तक्त्याची तांबड्या पेशीची चौकट कोऱ्या कागदाने झाकलेली होती, चारी कोपऱ्यांना टाचण्या.

"केव्हा झाकलं?"

"आला त्याच दिवशी."

"मग मले एक फोन काऊन नाई केला?"

मॅडम एकेक टाचणी काढायला लागल्या. "मागे सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू ढिला निघाला म्हणून फोन केला होता, तेव्हा तुम्ही काय बोलला होता आठवतं? म्हणालात, घ्यायच्या आधी डोळे कुठी ठेवले होते. तेव्हापासून आम्ही तुमच्या मालाचं आमचं आम्हीच निस्तरतो."

मी चकती चिकटवली आणि बाहेर आलो. गाडी सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली. माझी मुलगी ज्या आठवड्यात घरी चेतापेशीची शेपटी किती लांब असते ते पाठ करत होती, त्या आठवड्यात ऊर्जानगरला एका बाईला खरं माहीत होतं. एका फोनचं अंतर. तो फोन माझ्या तोंडाने अडवला. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण शेठ हे वाचेल तेव्हा त्याला वाटायला नको की मी स्वतःला सोडून दिलं.

पण म्हणून तो सुटत नाही. मी पाहिलं नाही. त्याने पाहिलं आणि विकलं.

प्रश्नमंजूषा होऊन गेली. आमच्या शाळेचा संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. पेशीवर एकही प्रश्न आला नाही असं कळलं. ते ऐकून मुलीला बरं वाटेल अशी माझी कल्पना होती. ती म्हणाली, "आला असता तं?" आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या दिवशी तिचे गुडघे दुखत होते.

तिची शाळा मी शेवटी ठेवली होती. तिथे परवानगी सहज मिळाली. सर स्वतः खुर्ची धरून उभे राहिले, मी वर चढलो आणि चकती बसवली. नीट बसली. खाली उतरून मी विचारलं, "वर्गात सांगतलं का?"

"आता झालं गेलं, भाऊ. तक्ता तं दुरुस्त झाला."

घरी मुलीला सांगितलं, तक्ता दुरुस्त झाला. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "वर्गातल्या पोट्ट्या अजून मले रसगुल्ला म्हणतात. चकती चिकटवून काय होते? ज्यानं चूक म्हटलं त्यानं बरोबर म्हणावं."

तिच्या या वाक्याचं उत्तर एकट्या माझ्याकडे नाही. ते तीन माणसांकडे आहे आणि त्यातला एक मी. माझा वाटा मी उचलतो. त्या वर्गात उभं राहून, ज्या हसण्याने मला शाळेतून घालवलं तेच हसणं पुन्हा ऐकत, मी सांगीन की हा शिक्का माझा आहे, मी चित्र न पाहता तक्ता विकला आणि या मुलीचं उत्तर बरोबर होतं. त्यासाठी दोनदा शाळेत गेलो. दोन्ही वेळा मला फाटकावर सांगण्यात आलं, बाहेरच्या माणसाला वर्गात बोलता येत नाही.

मग आतल्या माणसाने बोलावं. सर, छडी तुमच्या हातात होती. तीच उचला, त्याच चौकटीवर ठेवा आणि त्याच मुलींसमोर सांगा. एक वाक्य आहे. आणि शेठ, तुम्ही चंद्रपूरहून यायचं. बस आहे, रेल्वे आहे, काहीच जमलं नाही तर मी गाडीवर घेऊन येतो. बेडकाच्या रक्तावर माणसाचं नाव आहे हे ठाऊक असून ते तुम्ही का विकलंत, ते मला सांगू नका. मी भाव केला, मला तुम्ही ते सांगून टाकलंत. तिने कोणाशी भाव केला होता? खाटेवर बसलेल्या माझ्या मुलीकडे बघून तिला सांगा.